कानशीने केलेली जागा

मुलगा टोरोंटोला गेल्यापासून बल्गेरियातल्या वार्ना शहरात राहणाऱ्या झ्लात्काची त्याच्याशी खरी भेट रविवारी कॉम्प्युटरवरच्या किल्ला लढवण्याच्या खेळात व्हायची. फोनवर तो “बरा आहे” एवढंच म्हणायचा. खेळता खेळता मनातलं बोलायचा. पण खेळाची नवी आवृत्ती आली आणि जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. “काकू, भंगारात काढा, नवा घ्या,” दुकानदार म्हणाला. “पेन्शनमध्ये नवा बसत नाही. याला वापरलेलं कुठलं ग्राफिक्स कार्ड चालेल, तेवढं सांग.” कार्ड मिळालं, पण कॅबिनेटमध्ये मावेना. जन्मभर ट्रॉलीबस दुरुस्त केलेल्या झ्लात्काने आतला पत्रा कानशीने घासून जागा केली. रविवारी खेळ सुरू झाला. “आई! नवा घेतलास?” “जुनाच आहे. तुझा आवाज का बसलाय?” “नोकरी गेली, आई. महिना झाला.” झ्लात्काने खुर्ची पुढे ओढली. “बरं. किल्ल्याचा दरवाजा मी सांभाळते. तू सांग सगळं.”