साठ की आठ

"आठ," बाबा म्हणाले.

"साठ म्हणाला तो, बाबा."

"मला आठ ऐकू आलं, त्याला मी काय करू?"

टेबलावरच्या स्मार्ट स्पीकरमधला ट्विटर त्यांच्या लेकीनेच घडवला होता. बारीक, धारदार आवाज काढणारा, नखाएवढा भोंगा. 'स' ऐकू येतो तो त्याच्याच जिवावर. 'स' गळाला की साठाचे आठ होतात. बाबा एकटे राहायचे आणि गोळ्यांची आठवण हाच स्पीकर करून द्यायचा. इथे चूक परवडणारी नव्हती.

वर्षातून दोनदा येणारी ती आता दर रविवारी नवा नमुना घेऊन येऊ लागली.

आधी तिने भोंग्याचा धातूचा घुमट काढून रेशमी कापडाचा बसवला. आवाजातला कर्कशपणा गेला. बाबांचे आठ काही हलले नाहीत.

मग एकदा ती स्वतः त्यांच्या खुर्चीत बसली आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ट्विटरचं तोंड छताकडे होतं. बारीक आवाज सरळ जातो, तो बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून निघून जात होता. भोंगा पुढे कलवायचा, त्याच्याभोवती पसरट तोंड द्यायचं, असं तिने ठरवलं.

"तुमच्या वडिलांसाठी अख्खा साचा बदलायचा?" कंपनीतल्या साहेबांनी विचारलं.

"वडील निदान तक्रार तरी करतात, साहेब. गिऱ्हाईक गुपचूप दुसऱ्याचा स्पीकर घेतं."

साहेब हो म्हणेपर्यंत तिने त्यांची पाठ सोडली नाही. चाचणीला दहा म्हातारी माणसं बसवली. दहाही जणांनी कागदावर 'साठ' लिहिलं. साहेबांनी नव्या साच्यासाठी सही केली.

रविवारी तिने तोच स्पीकर बाबांसमोर ठेवला. स्पीकर स्वच्छ बोलला. बाबांनी कान पुढे केला, भुवया आक्रसल्या.

"आठच वाटतंय गं."

तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "हरकत नाही. पुढच्या रविवारी दुसरा घुमट आणते. तुम्हाला साठ ऐकवल्याशिवाय मी सोडणार नाही."

"ये. सावकाश ये."

स्पीकरवर गाणं लावून देऊन ती निघाली. रबरी तळाचे बूट घालून जिना उतरताना एका बुटाची नाडी सुटली, म्हणून ती वाकली. वरचं दार अजून उघडंच होतं. आतून बाबा स्पीकरला सांगत होते,

"गाणं बंद कर जरा. तिची पावलं पाचव्या पायरीवर थांबलीत."