या एकदा मुलुंडला

जपानमधल्या त्या खेड्यातल्या जुन्या हॉटेलात गरम झऱ्याचं कुंड होतं. बायकांच्या बाजूला रोज वाफेत एक आजी पाठमोरी बसलेली असायची. जपानी येतंय कुणाला? मी आपली मराठीतच बडबडायचे. ती मान डोलवायची.

निघताना सवयीनं म्हटलं, "या हं आजी, एकदा मुलुंडला!"

काउंटरवरच्या मुलीला आजींबद्दल सांगितलं, तर ती इंग्रजीत म्हणाली, "आठवडाभर बायकांच्या कुंडात तुम्ही एकट्याच उतरत होता."

दुपारी घरी पोचलो. सासूबाईंनी दारातच आम्हा नवरा-बायकोवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आम्ही आत आलो.

त्या मात्र पुन्हा वाकल्या. रिकाम्या दारात तांब्या ओतत राहिल्या.

"या, आत या," त्या हसून म्हणाल्या. "अगंबाई, पाय केवढे तापलेत हो तुमचे!"