उंदरांना लागलेलं औषध

"सात पिढ्या झाल्या, आमचं औषध बघून मरण दारातूनच माघारी जायलंय," बिदरच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकता टाकता पिराप्पानं जाहीर केलं. ऐकायला पिंजऱ्यातले पांढरे उंदीर तेवढे होते. त्यातला एक शिंकला.

चिंताकीचा पिराप्पा काविळीवर पाल्याचा रस देतो. आयतवारी त्याच्या दारात पार औरादपासून माणसं येतात. हा रस कुणाला बाधत तर नाही ना, हे बघायला प्रयोगशाळेतल्या सौम्या मॅडमनी तो आधी उंदरांना पाजला होता. परवा त्यांचा फोन आला, "अण्णा, तुमचं औषध उंदरांना लागलं." मॅडम कलबुर्गीच्या, कन्नड घरातल्या, मराठी कामापुरती उचललेली. त्यांना म्हणायचं होतं, बाधलं. पिराप्पानं ऐकलं, गुण आला. मग गावभर सांगून, नवा पटका बांधून, मॅडमसाठी नारळ घेऊन स्वारी हजर.

मॅडम आतून आल्या आणि नारळ हातात धरूनच त्यांनी खरं ते सांगितलं. जास्त रस दिलेल्या उंदरांचं यकृत, म्हणजे काळीज, सुजलं होतं. कशानं सुजलं ते कळेपर्यंत आयतवारचं औषध बंद ठेवा, म्हणाल्या.

पिराप्पानं पटका सारखा केला.

"उंदराचं काळीज त्ये केवढं, मॅडम? दार वाजलं तरी सुजतंय. माणसं येणार अन् मी देणार. बंद न्हाई व्हायचं."

मॅडमनी शांतपणे एवढंच विचारलं, की तुम्ही स्वतः कधी घेतलंय का?

पिराप्पानं मानेनंच नाही म्हटलं. देणाऱ्यानं आपलं औषध चाखायचं नाही, चाखलं की हाताचा गुण जातो, असा घराण्याचा नेम. बापानं चाखलं नव्हतं, आज्यानं नव्हतं. पण आता पिंजऱ्यातले झाडून सगळे उंदीर त्याच्याकडंच बघायले होते.

"माझ्यावर बघा मग," तो म्हणाला. मॅडम नको नको म्हणेस्तोवर त्यानं टेबलावरचं रसाचं भांडं उचललं, छाती काढून पिंजऱ्यापुढं उभा राहिला आणि भांडं तोंडाला लावलं.

एक घोट गेला. दुसरा गेला. तिसरा गालातच अडला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, नव्या पटक्याखाली कपाळ घामेजलं. तरी पठ्ठ्या थुंकला नाही. गिळलाच.

मग अर्धं उरलेलं भांडं त्यानं हळूच टेबलावर ठेवलं आणि एका बोटानं पुढं सरकवलं. इतका वेळ मॅडम होत्या, त्यांची आता अक्का झाली.

"अक्का, ऱ्हायलेलं तेवढं उंदरालाच पाजा."