चुलीवरची साखळी

बंदरावरच्या कारकुनाने दौतीत टाक बुडवला आणि माझ्या नवऱ्याकडे पाहून डोळा मारला. "शेत विकलंत ना? मग बायकोचं आडनाव कशाला मिरवता? अमेरिकेला तरी आपल्या बापाच्या नावाने जा."

आमच्या जर्मनीतल्या वेस्टफालियात आडनाव माणसाचं नसतं, शेताचं असतं. लग्न करून शेतावर राहायला आलेला जावई शेताचंच नाव लावतो. माझा नवरा हिनरिकही तसाच आइकहोफ झाला. त्यावरून गुत्त्यात त्याने अकरा वर्षं टोमणे ऐकले. आता शेतच गेलं होतं. मी मान खाली घातली.

हिनरिकने गाठोडं सोडलं. चुलीवर भांडं टांगायची आमची काळी साखळी त्याने थेट कारकुनाच्या वहीवर आदळली. पान काजळीने माखलं. ती त्याने कधी काढून घेतली, मला कळलंही नव्हतं.

"लग्नात हिच्यासोबत या साखळीभोवती फेरा घेतला, तेव्हाच मी आइकहोफ झालो," तो म्हणाला. "जमीन विकली, चूल नाही. तिथे पहिली हीच टांगणार. लिहा."

"पान खराब झालं," कारकून पुटपुटला.

"मग पुढच्या पानावर लिहा. मोठ्या अक्षरात."