अंगावरची पिल्लं

“काढ ती मासळी भाईर! कोड फुटलंय तिला, दिसत न्हाई व्हय?”

चंद्राबाई शेडच्या दारातूनच ओरडली. छातीशी तान्ही नात होती आणि नात किंचाळत होती. जयराजने हातातली नळी खाली ठेवली. फौजेत असताना सुभेदाराच्या आवाजाला तो कधी दचकला नव्हता. आईच्या आवाजाला अजून दचकायचा.

समोरच्या काचेच्या टाकीत डिस्कस माशाची मादी होती. भाकरीसारखी गोल आणि चपटी, अंगावर निळ्या रेघा. तिच्या दोन्ही अंगांना जोंधळ्याच्या दाण्याएवढी पिल्लं चिकटली होती. जिथं ती चिकटत होती, तिथलं कातडं पांढुरकं पडलं होतं. कोंबड्यांचा धंदा बुडाल्यावर जयराजने त्याच शेडमध्ये या टाक्या मांडल्या होत्या. मासे सांगली-मिरजेच्या दुकानांत जायचे. चंद्राबाई तिकडे कधी फिरकत नसे. आज नात बाटलीला तोंड लावेना, म्हणून मासे दाखवून तरी गप करावी, अशा विचाराने आली होती.

“कोड न्हवं ते, आये. ह्या माशाच्या अंगाला चिकट सुटतो. पिल्लं तेच खात्यात. तेच त्यांचं दूध. आणि आठवडाभरानं भाईरचं खायला लागली की मग आईला वेगळी काढायची.”

“मला शिकवू नगंस. मासळीला कुठलं आलंय दूध? असलं रोगट अंग चाटून पोरं जगत्यात व्हय? काढ म्हंते न्हवं!”

तिला असंच बोलायची सवय होती आणि घराला ऐकायची. आठ दिवसांपूर्वी सून राजनंदिनी माहेराहून लेक घेऊन आली. चंद्राबाई उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळत होती. ओवाळता ओवाळता तिला सुनेच्या गळ्यावर पांढरा डाग दिसला. तुकडा तिने तसाच भिरकावला आणि पोर ओढून घेतली. तेव्हापासून नात आजीच्या खोलीत, बाटलीवर. मिरजेच्या डॉक्टरने समजावून सांगितलं, हे अंगाला अंग लागून होत नाही, दुधातून तर नाहीच नाही. चंद्राबाईने त्यालाही झोडपलं. “डॉक्टरचं काय जातंय? पोरगी हाय. उद्या हिला डाग उठला तर डॉक्टर करून घेणार हाय व्हय सून?” भावकीतल्या बायका माना डोलावून गेल्या. कोडाचा विषय निघाला की चंद्राबाईची जीभ सगळ्यांच्या पुढे.

जयराजने जाळी पाण्यात घातली. मादी शेजारच्या टाकीत गेली.

पिल्लं क्षणभर सैरावैरा झाली. मग सगळीच्या सगळी कोपऱ्यातल्या काळ्या स्पंजला जाऊन चिकटली. पाणी गाळायचा स्पंज तो. त्याला तोंडं लावून ती ओढत राहिली. त्यात काही नव्हतं. तरी ती तिथून हलेनात. काचेपलीकडे मादी एकाच जागी पर हलवत उभी होती.

नातीचं रडणं थांबलं होतं. तिने आजीच्या पदराचा काठ तोंडात धरला होता आणि ती तो चोखत होती. चंद्राबाईने काठ सोडवला. नातीने पुन्हा धरला.

“आत्या.”

दारात राजनंदिनी बादली घेऊन उभी होती. छातीवर तिची साडी भिजली होती आणि ते बादलीतलं पाणी नव्हतं.

“माझी पोर ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “त्या मासळीची तरी तिला द्या.”

जयराजने आईकडे न बघता जाळी उचलली आणि मादी परत सोडली. पिल्लांनी स्पंज सोडला. बघता बघता आईचं अंग त्यांनी भरून गेलं.

चंद्राबाई म्हणजे सरपंचालाही तोंडावर सुनावणारी बाई. पण आता तिला आपल्या पायाच्या बोटांखेरीज कुठं बघवेना.

“तू भाईर हो जरा,” ती लेकाला म्हणाली. तो गेला. तिने दार लोटलं आणि नात सुनेपुढे धरली. “घे.”

राजनंदिनीने हात पुढे केले. आणि मागे घेतले.

“नगं, आत्या.” ती भिंतीला टेकली. “तुमी म्हंता तेच खरं असलं तर? माझ्यापायी हिला लागलं तर? पोरगी हाय वं ती.”

सुनेने थोबाडीत मारली असती, तर चंद्राबाईला एवढं लागलं नसतं. आपलेच शब्द होते ते. आठ दिवस रोज कानात ओतलेले. आता शंभर डॉक्टर आणले तरी ते निघणार नव्हते.

तिने नात गोणपाटावर ठेवली. पदर बाजूला केला. चोळीची गाठ लवकर सुटेना. डाव्या थानाखाली तळहाताएवढा पांढरा डाग होता. जुना. सासूला, जावांना, भावकीला, कुणाला कधी न दिसलेला.

“जयराज ह्याच अंगावर पिऊन वाढला,” ती म्हणाली. मान तिने वर केली नाही. “त्याचं समदं अंग तू बघितलंयस. कुठं डाग घावला का, सांग.”