बंदची खूण

जागृतीची दुसरी सर्व्हिसही जाळीत अडकली, तसे आनंदा सर ललितच्या कानाशी लागले.

"तुझी शिष्या तुझ्यावरच गेलीय बघ. हात सोन्याचा, मन मेणाचं."

ललित हसला. चौदा वर्षं तो या वाक्यावर हसत आला होता. सुरतच्या टेनिसवाल्यांत ते त्याच्या नावाला आडनावासारखं चिकटलं होतं, आणि चिकटवलं होतं खुद्द आनंदा सरांनीच. त्याला रॅकेट धरायला शिकवलं तेही त्यांनीच, म्हणून बोलायची सोय नव्हती.

पलीकडच्या खुर्चीत त्याचे वडील चिंधाबाबा बसले होते. लिंबायतच्या लूम कारखान्यात तीस वर्षं काढली, तिथल्या खडखडाटानं दोन्ही कान खाल्ले. आता कानाशी ओरडलं तरी निम्मंच कळायचं. चौदा वर्षांनी आज ते टेनिसच्या मॅचला आले होते, तेही ललितनं रिक्षात कोंबून आणलं म्हणून. त्याला आज त्यांच्या तोंडून एक गोष्ट वदवून घ्यायची होती, आणि तीही सरांच्या देखत.

झालं होतं असं. ललित एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या वयोगटाची मोठी फायनल होती. जिंकणारा दोन वर्षांसाठी स्पेनला शिकायला जाणार होता. एवढ्यावर सगळं आयुष्य अडलं होतं. इकडे घरी माय, मालतीबाई, अर्धांगानं पडलेली. ती ललितच्या हातूनच काय ते दोन घास खायची. त्या सकाळी चहा पिताना बाबा सहज बोलून गेले होते, "तू गया तं तुनी माय कोना हातनं खाई?"

ते वाक्य डोक्यात घेऊनच ललित कोर्टवर उतरला.

आणि खेळला कसा म्हणता. शेवटच्या सेटमध्ये पाच-चार, चाळीस-पंधरा, सर्व्हिस त्याची. दोनांतला एक पॉइंट मिळाला की स्पेन. समोर, जाळीपल्याड, पहिल्या ओळीत बाबा बसलेले. लूमवरचा त्यांचा दगा नावाचा जोडीदार ललितच्या पाठीमागे कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभा, शिट्ट्या मारमारून त्यानं पंचांच्या नाकी नऊ आणलेले. ललितनं चेंडू दोनदा आपटला आणि मान वर केली.

बाबांनी हात वर नेला, मूठ मिटली आणि खाली ओढली.

लूमच्या खडखडाटात माणसाचा आवाज चालत नाही, सगळं बोलणं हातानं. ही खूण म्हणजे बंद. धागा तुटला, लूम बंद. बाबांनी ती घरातही आणली होती. पंखा बंद, भात पुरे, कटकट आवरा, सगळ्याला तीच. ललितला ती बोलायला शिकायच्या आधीपासून कळत होती.

पहिले दोन डबल फॉल्ट त्यानं ठरवून केले. पुढचं सगळं आपोआप झालं.

मन कच्चं, असं जगानं ठरवलं. ठरवू देत. आपण हरलो नाही, थांबलो, हे त्याला ठाऊक होतं आणि बाबांना ठाऊक होतं. त्या दिवसानंतर बाबा त्याच्या एकाही मॅचला आले नाहीत. लाज वाटत असणार, ललितनं ओळखलं, आणि विषय काढून म्हाताऱ्याचा जीव खाल्ला नाही. माय गेली तोवर, म्हणजे सात वर्षं, त्यानं तिला रोज भरवलं. खेळ मात्र पुन्हा कधी तसा हाताला आला नाही. बरोबरीचे कुणी टीव्हीवर मोठ्या कोर्टवर उतरले की तो उठून चहा टाकायला जायचा. त्याला फार वाटायचं, तो एक पॉइंट कुणीतरी परत द्यावा. आपण काय करतो ते एकदा बघायचं होतं त्याला.

कोर्टवर जागृतीनं त्याच्याकडे पाहिलं. भेस्तानची पंधरा वर्षांची पोर, ओठ पांढरे पडलेले. ललितनं मान हलवली, खेळ. तिनं खोल श्वास घेतला आणि मारली ती सर्व्हिस समोरच्या मुलीला दिसलीसुद्धा नाही. मॅच संपली.

"घ्या," सर म्हणाले, "हिचं टिकलं की. तुझ्यासारखं नाही."

आता मात्र ललितला हसू आलं नाही. तो बाबांच्या कानाशी वाकला.

"बाबा, सरस्ले सांगा. त्या दिन मी का हारनू."

"काय म्हनस?"

पुन्हा सांगितलं, पुन्हा कळलं नाही. शेवटी त्यानं हात वर नेला, मूठ मिटली, खाली ओढली, आणि बोट स्वतःच्या छातीला लावलं. मला. तुम्ही मला सांगितलंत.

बाबा त्या मुठीकडे बघत राहिले. मग ललितच्या तोंडाकडे. सरही पुढे झुकून ऐकू लागले.

"तुले नही रे," बाबा म्हणाले. "तो दगा तुना मांगे शिट्ट्या मारी ऱ्हायंता. त्याले सांगं मी, बंद कर, मना पोऱ्याले खेयू दे."