पत्रिकेतली हाक

हाँगकाँगच्या सासरी, पाटाएवढ्या उशीवर गुडघे टेकून ऋजुतानं चहाचा पेला दोन्ही हातांनी पुढे केला. नव्या सुनेनं अदबीनं हाक मारायची, मगच सासरे चहा घेणार, अशी तिकडची रीत.

"लो-ये, चहा घ्या," ती कँटोनीजमध्ये म्हणाली. लो-ये म्हणजे मामंजी. महिनाभर घोकला होता तो शब्द.

सासऱ्यांनी पेल्याला हातच लावला नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा चढवला आणि एकेक अक्षर जुळवत चक्क मराठीत हाक मारली, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी ऋजुता!"

म्हणजे सांगलीहून आलेली लग्नपत्रिका त्यांनीही घोकली होती तर! ऋजुताला हसू आवरेना. निम्मा चहा बशीत सांडला.

"घरी मला नुसतं 'ए ऋजू' म्हणतात," ती कशीबशी इंग्रजीत म्हणाली.

"आणि मला माझी पोरं आ-बा म्हणतात. तूही तेच म्हण."

"आ-बा, चहा घ्या."

उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला आणि रिकामा पेला तिच्यापुढे धरला.

"ए ऋजू, आता नीट भरून आण."